मिस्त्री पान खायला जातात

आमच्या कारखान्यात सुटीचा भोंगा नव्हता. साडेपाच वाजले की मिस्त्री दाराशी येऊन उभे राहत आणि एकच शब्द बोलत, "दावा."

मग सगळे कामगार रांगेनं त्यांच्यापुढे दोन्ही हात पसरत. मिस्त्रींच्या कानावर सुताराची जाड, चपटी लाल पेन्सिल कायम खोचलेली असे. ती काढायची, जिभेवर ओली करायची आणि समोरच्याच्या एकेका बोटाच्या टोकावर टेकवत मोजायचं. "आठ, नऊ, धा. जा." की पुढचा. सगळे संपले की स्वतःचे हात वर धरून स्वतःलाच सांगायचे, "आनि माझी आठ." मग कुलूप.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट नव्हतं. ती कुठं गेली हे कुणी त्यांना विचारत नसे. राजारामपुरीतल्या चहावाल्याला मात्र बोटांच्या टोकांवर लाल ठिपके असलेलं गिऱ्हाईक दिसलं की कळायचं, हा करवतीच्या कारखान्यातला. कामगारांच्या बायकाही म्हणे संध्याकाळी आधी ठिपके बघत.

मी तिथं सामानाच्या नोंदी ठेवायला होते. खिळे, स्क्रू, सरस, पॉलिशपेपर, करवतीची पाती. काय आलं, काय गेलं, काय संपत आलं. पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर मीही रांगेत उभी राहिले आणि हात पुढे केले. मिस्त्रींनी पेन्सिल कानावर परत ठेवली.

"तुमचं कशाला, बाई? कागदानं बोट कापलंच तर पट्टी लावा आनि घरला जावा."

सगळे हसले. मीही हसले. पण पुढची पाच वर्षं मी साडेपाचला रांगेच्या बाजूनं, पर्स छातीशी धरून बाहेर पडत असे, आणि दर वेळी मला ते थोडं लागत असे.

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. एकच मोटर. तिच्यावर छताखालून आडवा गेलेला लोखंडी दांडा फिरायचा, त्यावर पुल्या, आणि प्रत्येक पुलीवरून खाली एकेका यंत्राकडे उतरलेला चामड्याचा पट्टा. यंत्रं तीन. टेबलातून अर्धी वर आलेली गोल करवत, रंध्याचं मशीन आणि धार लावायचं चाक. मिस्त्रींनी त्यांना नाती लावली होती. करवत म्हणजे आक्का. रंधा म्हणजे धाकटी जाऊ. धारेचं चाक म्हणजे सासू. एखादं गिऱ्हाईक लाकूड चिरताना बघायला जवळ येऊन उभं राहिलं की मिस्त्री ओरडत, "ओ पावणं, तितनं सरा! आक्का लाजती, मग वाकडं कापती."

जाळीची पांढरी टोपी, खाकी शर्ट, वर खोचलेला पायजमा. बोलणं असं की नवा माणूस भांडणच समजायचा. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना ते प्रत्येक पट्ट्यावर पालथी मूठ टेकवून जात आणि आल्यावर पुन्हा टेकवत. एकदा मी विचारलं, काय बघता? "ताप हाय का ते," म्हणाले. मला वाटलं गंमत करतात. मग मीही हात लावून बघितला. सैल पट्टा पुलीवर घसरतो, आणि घसरणारा पट्टा खरंच गरम लागतो.

नवा पट्टा म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणा. पहिले आठ दिवस त्याला जड काम द्यायचं नाही. साग नको, बाभूळ तर नकोच. आंबा, सावर असली मऊ लाकडं चिरायची. बापू नावाचा आमचा करवतीवरचा माणूस हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातून यायचा. घरी शेती, तोंडाला लगाम नाही. तो म्हणायचा, "मिस्त्री, आमच्या दाजीचा बी एवढा मान न्हाय ओ घरात."

"तुझा दाजी तुटला तर कुणाचा हात जातोय का?" मिस्त्री विचारत.

जुना पट्टा उतरला की तो फेकायचा नाही. मिस्त्री तो गुंडाळून सायकलला लावत आणि ओळखीच्या चप्पलवाल्याकडे नेत. त्यातनं स्वतःसाठी चपलांचे तळ कापून घेत. उरलेला तुकडा त्याचा. बदल्यात तो नव्या पट्ट्याचा जोड शिवायला चामड्याची वादी द्यायचा. "हे दोन वर्सं पळलंय," पायाकडे बोट दाखवून मिस्त्री सांगत, "आता जरा चालू दे की." त्या चपला इतक्या कडक असत की ते येताना शेजारच्या पिठाच्या गिरणीपासून आवाज येई आणि बिडी ओढत बसलेला माणूस उठून उभा राही.

करवतीचा पट्टा बदलणं हे त्यांचं खास काम. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी नोकरीत असताना त्यांनी तो दोनदा बदलला आणि दोन्ही वेळा मी वही घेऊन बाजूला उभी होते. मला सवयच आहे. एखादं काम दोनदा बघितलं की त्याची कलमं पडतात डोक्यात, आणि ती कागदावर उतरवल्याशिवाय चैन पडत नाही. दोन्ही पुल्यांभोवती दोरी फिरवून माप घ्यायचं. चामडं पुढे ताणतं म्हणून दर हातामागे एक बोट कमी कापायचं. दोन्ही टोकं छिलून एकावर एक बसवायची. केसाची बाजू, म्हणजे गुळगुळीत अंग, पुलीकडे. पुलीला लागणाऱ्या टोकाची कड पट्टा पळतो त्याच्या उलट दिशेला, नाहीतर पुली ती उकरून काढते. वादीनं शिवायचं. मग शिडीवर चढून, हातानं रेटत, पट्टा वरच्या पुलीवर चढवायचा. सगळ्यात शेवटी करवत हातानं एक फेरा फिरवून बघायची.

मिस्त्रींना माझं लिहिणं आवडत नसे. "लिवलं की माणूस कागदाकडं बगतंय, बाई. पट्ट्याकडं न्हाय."

त्यांची एक तऱ्हा मात्र मी लिहून घेतली नाही. पट्ट्याला हात घालायच्या आधी ते बाहेर पान खायला जात. शेडच्या कडेला बोळ होता, बोळाच्या तोंडाशी पानाची टपरी. मालक चडफडत. "मिस्त्री, तिकडं लोक खोळंबलेत आणि तुम्ही पान कसलं खाताय?"

"तोंड रिकामं असलं की मला पट्टा दिसत न्हाय, मालक."

दहा मिनिटांनी गाल फुगवून येत आणि कामाला लागत. काम झालं की पुन्हा एकदा बोळात चक्कर. पानानं रंगलेल्या त्या माणसाच्या शर्टाच्या खिशात पितळेची मोठी डबी कायम असे. तिच्यात पानं, सुपारी, कात, चुना, सगळं असायचं. सगळं खिशात असताना हा माणूस टपरीवर कशाला जातो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. सुचायला हवं होतं. पण मी कलमं लिहीत होते, आणि पान हे काही कलम नव्हे.

एका मे महिन्यात मिस्त्रींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते त्यांनी तीनदा पुढे ढकललं होतं. शेवटी मालकांनीच त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधत आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून उताणं निजवत. मान हलवायची नाही, उठायचं नाही. सोमवारी ऑपरेशन झालं. बुधवारी संध्याकाळी करवतीचा पट्टा तुटला.

तुटणारच होता. कडा दोऱ्यासारख्या सुटल्या होत्या, मधे आडव्या भेगा होत्या. नवं चामडं मी आधीच आणून ठेवलं होतं. पण गारगोटीच्या एका शाळेचे बाक जूनच्या आत द्यायचे होते आणि निम्मं लाकूड चिरायचं राहिलं होतं.

मालक माझ्या टेबलाशी आले. "बाई, तुमच्याकडं ती यादी आहे ना?"

होती. अकरा कलमांची, शाईनं लिहिलेली, पुठ्ठ्यावर चिकटवलेली. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

गुरुवारी सकाळी मी ती यादी घेऊन दवाखान्यात गेले. मिस्त्री पट्ट्या बांधून, हात छातीवर घेऊन निजले होते. टोपी नसल्यामुळे ओळखूच येईनात. मी स्टुलावर बसून एकेक कलम वाचलं. ते छताकडे तोंड करून ऐकत होते.

"सातवं परत वाचा."

"केसाची बाजू पुलीकडे."

"बराबर. कधी घालतासा?"

"आज दुपारी दोनला. लाईट जाते तेव्हा." ती सत्तर सालानंतरची वर्षं. दुपारी दोन ते चार वीज नसे, हे ठरलेलंच होतं. "तशीही मोटर बंदच असते. आणि पहिलं कलम मोटरचा खटका खाली करायचं आहेच."

"खटका," मिस्त्री म्हणाले.

"काही राहिलंय का?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. मला वाटलं डोळा दुखत असेल.

"न्हाय," म्हणाले. "समदं लिवलासा की."

मी खूश होऊन कारखान्यात आले.

दोनला वीज गेली. मी स्वतः दाराजवळचा मोठा लोखंडी खटका दोन्ही हातांनी खाली ओढला आणि पहिल्या कलमापुढे बरोबरची खूण केली. तो जुना, साधा खटका. वर असला की वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू व्हायची आणि शेडचा दिवाही लागायचा. मग मी कलमं वाचत गेले आणि बापू व त्याचा जोडीदार करत गेले. दोरीचं माप, छिलणं, शिवण. बापूची बडबड चालूच होती. "बाई, हे शिवल्यावर आमच्या हिची चप्पल बी शिवू का?" कामाला वेळ लागला, पण चुकलं काही नाही. तीन वाजून गेल्यावर आम्ही दहाव्या कलमावर आलो. बापू शिडीवर चढला आणि पट्टा वरच्या पुलीवर रेटू लागला. हा सगळ्यात जोखमीचा भाग. एक हात पट्ट्याखाली, दुसरा पुलीच्या आऱ्यांत.

तेवढ्यात दारात कडक चपलांचा आवाज झाला.

मिस्त्री उभे होते. दवाखान्याचा पांढरा सदरा, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यावरची कपाळावर सरकवलेली. चेहऱ्यावर घाम. एक हात दाराला धरलेला.

"या अल्ला," बापू शिडीवरनं म्हणाला. हिंदू माणूस, पण मिस्त्रींच्या संगतीत त्याच्या तोंडी ते बसलं होतं. "मिस्त्री, पळून आलासा व्हय?"

"तू तुजं काम कर."

मी पुढे धावले. "मिस्त्री, तुम्हाला उठायचं नाहीये! डॉक्टरांनी सांगितलंय, डोळा…"

"बाई, यादी वाचा." ते जवळच्या फळीवर बसले. खिशातल्या डबीवर त्यांनी वरून हात दाबून धरला होता. "धावं चाललंय न्हवं?"

बापू पुन्हा रेटू लागला. पट्टा अर्धा पुलीवर आला होता, आणि तेव्हा शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली.

आधी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिरणीची घरघर, पट्ट्याचा फट् फट् आवाज, रोजचाच. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. चारला अजून अर्धा तास होता. वीज लवकर आली होती. रस्त्यापलीकडच्या दुकानातला पंखा फिरू लागलेला दारातनं दिसत होता. आमचा दिवा मात्र बंद.

"आपल्यावरच रुसली वाटतं," बापू म्हणाला. त्याचा हात पुलीच्या आऱ्यांतच होता.

मी खटक्याकडे बघितलं. खटका वर होता.

मी खाली केलेला, बरोबरची खूण केलेला खटका वर होता. त्याच्या खाली आमचे पॉलिशवाले आण्णा पाटावर बसून बाकांच्या पाठी घासत होते. साठीचे, मवाळ गृहस्थ. माझा चेहरा बघून तेच घाबरले.

"मीच केला वर, बाई. लाईट आली की दिव्यावर कळतंय न्हवं. मी नेहमीच करतो की."

गिरणी चालू होती. मिस्त्रींनी खिशातनं डबी काढली, मांडीवर ठेवली आणि झाकण उघडलं. पानांवर, सुपारीच्या खांडांत, चुन्यानं माखलेले चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज होते.

बापूनं आधी डबीकडे बघितलं, मग खटक्याकडे, मग पुलीत अडकलेल्या स्वतःच्या हाताकडे. तो हात त्यानं फार हळू बाहेर काढला. खाली उतरला, भुश्शाच्या ढिगावर बसला आणि त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलला नाही.

फ्यूजची लाकडी पेटी बोळातल्या भिंतीवर होती, टपरीला लागून. मिस्त्री पान खायला जात ते तिथं.

खटका मी परत ओढला आणि आण्णांना तिथनं उठवून माझ्या टेबलाजवळ बसवलं. मग मालकांनी रिक्षा आणवली. दवाखान्यात परत नेताना मी मिस्त्रींशेजारी बसले होते. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी डोकं धरत. मला राग आला होता, रडूही येत होतं.

"सकाळी मी विचारलं होतं तुम्हाला, काही राहिलं का म्हणून."

"इचारलं हुतं."

"मग?"

ते सांगू लागले. ज्वानीत ते एका वखारीत होते. तिथंही पट्टा बदलताना त्यांनी फ्यूज काढून फळीवर ठेवला होता, आणि सगळ्यांना ओरडून सांगितलंही होतं. एका माणसाला ऐकू आलं नाही. त्याला वाटलं फ्यूज पडलाय. मदत करावी म्हणून त्यानं उचलून बसवला. "चांगला माणूस हुता. माझ्यापेक्षा जास्त तोच रडला. तवापास्नं ठरीवलं, सांगायचं न्हाय. खिशात ठिवायचं. सांगितलं की कोनतरी चांगला माणूस मदत करतंय."

"पण मला तरी सांगायचं."

"सांगनार हुतो." मिस्त्रींनी पट्टी बांधलेलं तोंड बाहेर वळवलं. "तुम्ही वाचत गेलासा. माप बराबर, जोड बराबर, केसाची बाजू बराबर. अकरा कलमं. मी पडून इचार केला, आता ह्यांना मिस्त्री लागतोय कशाला? एवढं एकच माझ्याकडं उरलं हुतं, बाई. जीभ उचलली न्हाय. तुम्ही गेलासा, आनि मग मला बापूची बोटं दिसाय लागली. डोळं बांधल्यालं, तरी दिसाय लागली. नर्सबाईला हाका मारल्या, तर ती म्हनती, मिस्त्री, गप निजा. कुनाला सांगू? तवा उठलो."

त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. मी एक गोष्ट बघूनही लिहिली नव्हती, कारण ती मला वेडेपणाची वाटली. दोघांच्या चुकांनी मिळून एका माणसाचा हात जायचा तो थोडक्यात वाचला होता.

डोळा मात्र वाचला नाही. डॉक्टर फार चिडले. टाका सुटला होता, आत रक्त उतरलं होतं. पुढे त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

दोन महिन्यांनी मिस्त्री कामावर आले. नव्या पट्ट्यावर पालथी मूठ ठेवली. "आंग धरलंय पावण्यानं," म्हणाले. बाक गारगोटीला पोचले होते. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

"ती यादी काढा. लिवा."

मी बारावं कलम लिहायला पेन उघडलं.

"खाली न्हवं. पयलं लिवा."

म्हणून मी नवा कागद घेतला. पहिलं कलम काय लिहायचं यावर आमचा थोडा वाद झाला. मला 'तिन्ही फ्यूज काढून जवळ ठेवणे' असं हवं होतं. बापू लांबून ओरडला, "तसलं कोन वाचतंय, बाई? पान लिवा, म्हंजी ध्यानात ऱ्हातंय." शेवटी पुठ्ठ्यावर गेलं ते असं: '१. मिस्त्री पान खायला जातात. फ्यूज डबीत.' ज्याला पट्टा बदलायचा असेल त्यानं मिस्त्रींची डबी मागून घ्यायची, हेही ठरलं. पुढच्या खेपेला बापूनं मागितली. मिस्त्रींनी ती लगेच दिली नाही. आधी तिच्यातलं पान काढून स्वतः खाल्लं, मग दिली.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी मला हातकणंगल्याच्या शाळेत कारकुनाची जागा मिळाली. शेवटच्या दिवशी मी वह्या, किल्ल्या, शिल्लक मालाची यादी मालकांच्या हवाली केली. साडेपाचला मिस्त्री दाराशी आले. "दावा." रांग लागली. एका डोळ्यानं त्यांना अंतराचा अंदाज येत नसे, म्हणून पेन्सिल आता सावकाश चालायची, आणि कामगारही हात अगदी न हलवता धरून उभे राहत. मी नेहमीप्रमाणे पर्स छातीशी धरून बाजूनं निघाले.

"बाई."

मी थांबले.

"हात."

पर्स आण्णांनी धरली. मी दोन्ही हात पसरले. मिस्त्रींनी पेन्सिल जिभेवर ओली केली, मान तिरकी करून चांगला डोळा जवळ आणला आणि एकेका बोटावर टेकवत गेले. मधे एकदा पेन्सिल चुकली, थांबली, पुन्हा टेकली. मागे रांगेत बापू होता. तोही मान पुढे काढून बघत होता.

"आठ, नऊ, धा," मिस्त्री म्हणाले. "जावा."

एसटीत खिडकीशी बसल्यावर मी तळवे उघडून ठिपके मोजले. अकरा होते. एक दोन बोटांच्या बेचक्यात पडला होता.